‘नस कापली’ म्हणजे नेमकं काय कापलं?

हाताच्या शस्त्रक्रिया: वाचकांच्या प्रश्नांना तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : शेजाऱ्यांची दोन बोटं कडबाकुट्टीत तुटली. आम्ही ती लगेच बर्फाच्या डब्यात टाकून शहरात नेली. तिथे सांगितलं, बोटं गोठली, आता जोडता येणार नाहीत. बर्फात ठेवायची नव्हती का? (एक वाचक, जि. सांगली)

थंड ठेवायची, पण गोठू द्यायची नाहीत. बर्फ थेट लागला की पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं. बोटातली रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. केसापेक्षा बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली ती शिवली तरी असल्या अस्तरावर रक्त गोठतं आणि बोट काळं पडतं. बोट नुसतं पाण्यात बुडवून नेणंही चूकच, त्याने ते फुगतं.

बरोबर पद्धत अशी. तुटलेलं बोट सलाइनने, नसेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा. घासू नका, डेटॉल किंवा स्पिरिट लावू नका. सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये किंवा स्वच्छ सुती फडक्यात ते गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी पाणी आणि बर्फ अर्धं-अर्धं भरलेल्या डब्यात ठेवा. बोट कातडीच्या पट्ट्यावर लोंबत असेल तर तो पट्टा कापू नका. त्यातून एखादी शीर शाबूत असू शकते आणि तेवढ्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा. सुतळीने मनगट आवळू नका. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. जखमीला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागणार असते. निघण्याआधी फोन करून विचारा, की मायक्रोसर्जरी (सूक्ष्मदर्शकाखाली बारीक शिवणकाम) करणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का? दोन रुग्णालयांच्या दारातून परत फिरण्यात जाणारा वेळ फार महाग पडतो. रक्त तुटलं की स्नायू लवकर मरतात. बोटात स्नायू नसतात, म्हणून ते नीट थंड ठेवलं तर साधारण २४ तास, न ठेवलं तर १२ तासांपर्यंत जोडण्याचा विचार करता येतो. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर स्नायूंमुळे हीच मुदत थंड न ठेवता जेमतेम ६ तास.

मात्र तुमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत दोष बर्फाचाच असेल असं नाही. कडबाकुट्टीचं पातं स्वच्छ कापतं, पण त्याआधी रोलर हात आत ओढून चेचतात. चेचलेल्या बोटाच्या रक्तवाहिन्या आतून लांबपर्यंत फाटलेल्या असतात. अंगठा, एकाहून जास्त बोटं किंवा लहान मुलाचं बोट असेल तर सर्जन शक्य तितका प्रयत्न करतात. मोठ्या माणसाचं एकटं तर्जनीचं बोट मधल्या सांध्यापाशी तुटलं असेल, तर जोडलेलं बोट पुष्कळदा ताठ राहून कामात आडवं येतं. तिथे टोक नीट बंद करून काही आठवड्यांत कामाला लागणं शहाणपणाचं ठरतं. जोडलेल्या बोटाचा रंग तासातासाला बघतात : पांढरं पडलं तर रक्त आत येत नाही, निळं पडलं तर बाहेर जात नाही. या काळात बिडी-सिगारेट आणि तंबाखूची चिमूटही बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात.

प्रश्न : भांडी घासताना काचेचा ग्लास फुटून अनामिकेच्या मुळाशी कापलं. दवाखान्यात चार टाके घातले. आज १२ दिवस झाले. बोट मधे वाकतं, पण शेवटचं पेर वाकत नाही आणि एक बाजू बधिर आहे. कंपाउंडर म्हणतात नस दुखावली, येईल हळूहळू. (एक वाचक, ठाणे)

नाही येणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन गोष्टी कापलेल्या दिसतात.

आपल्याकडे शिरेलाही नस म्हणतात, मज्जातंतूलाही आणि बोट ओढणाऱ्या दोरीलाही. घोटाळा तिथेच होतो. ही दोरी म्हणजे कंडरा. प्रत्येक बोट मिटायला तळव्याच्या बाजूने दोन कंडरा येतात : वरची मधल्या पेराला लागते, खोलची टोकापर्यंत जाते. दुसऱ्या हाताने मधला सांधा सरळ धरून टोक वाकवून बघा. अजिबात हललं नाही तर खोलची कंडरा तुटली. मधे वाकतं, म्हणजे वरची शाबूत. आणि बधिर बाजू म्हणजे त्या कडेचा मज्जातंतू कापलेला. कापलेली कंडरा रबरासारखी आखडून तळव्यात मागे जाते. वरून कातडी छान भरून आली तरी आत दोन टोकांची गाठ पडत नाही.

या आठवड्यातच हाताच्या सर्जनला दाखवा. उत्तम वेळ पहिल्या आठवडा-दहा दिवसांची. अजूनही थेट शिवता येण्याची शक्यता चांगली आहे. तीन-चार आठवडे उलटले की स्नायू आखूड होतो, कंडरा ज्यातून सरकते तो बोटातला बोगदा मिटतो. मग मनगटाजवळची एक फारशी न लागणारी कंडरा काढून इथे घालावी लागते, तीही कधी कधी दोन टप्प्यांत. (अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा, मधोमध उठते तीच ही कंडरा. काही जणांना ती नसतेच.)

शस्त्रक्रिया म्हणजे निम्मं काम. हाताच्या पाठीवर स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) साधारण ६ आठवडे राहतो, आणि तीन ते पाच दिवसांतच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बोट हलवायला लागतं. हलवलं नाही तर कंडरा भोवतीला चिकटते, जोर लावला तर शिवण तुटते. भरलेली पिशवी उचलणं, फडकं पिळणं असल्या साध्या कामांतही ती तुटू शकते. जड काम १२ आठवड्यांनंतर. शिवलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे बोटाच्या टोकाला जाणीव यायला काही महिने लागतील. तोवर गॅस आणि गरम तवा सांभाळा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाचं कोपराजवळचं हाड मोडलं. प्लॅस्टर घातल्यापासून रात्रभर रडतोय. प्लॅस्टर म्हणजे थोडं दुखणारच ना?

हे वाचेपर्यंत थांबला नसाल अशी आशा. हाड एका जागी बसल्यावर दुखणं कमी व्हायला हवं. औषध देऊनही वाढत असेल आणि तुम्ही त्याची बोटं हलकेच सरळ करताना तो किंचाळत असेल, तर हाताच्या आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत चाललाय. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. ताबडतोब रुग्णालयात जा. प्लॅस्टर आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत उघडावं लागतं. तेवढ्याने भागलं नाही तर स्नायूंवरचं आवरण चिरून दाब मोकळा करतात. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे मरू लागतात, आणि मग बोटं पंजासारखी वळून बसतात. हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या आणि आवळलेल्या पट्टीनेही हेच होतं, किंबहुना जास्त.

प्रश्न : आईचं मधलं बोट सकाळी मिटलेलंच राहतं, ओढलं की टक् करून उघडतं. मधुमेह आहे. ऑपरेशन लागेल का?

कदाचित. कंडरा जिथून बोटात शिरते तिथलं कडं जाड झालंय. आधी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देऊन बघतात. मधुमेहात ते कमी टिकतं आणि नंतरचे काही दिवस साखर चढते, म्हणून ती तपासत राहा. उपयोग झाला नाही तर तेवढाच भाग बधिर करून तळव्याला दीडेक सेंटिमीटर छेद देऊन ते कडं कापतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. बोट त्याच संध्याकाळपासून हलवायचं.