पेपरातले आकडे आणि घरातला चिडका मुलगा

प्रश्न: ताई नमस्कार, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून एकदम बदललाय, धाकट्या बहिणीला मारतो, वस्तू फेकतो आणि रात्री परत अंथरुण ओलं करायला लागलाय. क्लासची वेळ झाली की पोटात दुखतं म्हणतो. सासूबाई म्हणतात मोबाईलने बिघडलाय, दोन रट्टे दे, मीही दिले, खोटं कशाला बोलू. पण पेपरातल्या लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातम्या वाचून पोटात गोळा येतो. आमच्या लहानपणी असं नव्हतं ना हो?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: होतं हो, बोललं जात नव्हतं. २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला, त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, त्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते, आणि बहुतेकांनी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा आहे, त्याला काय होतंय, हे आपण अजूनही म्हणतो म्हणून मुद्दाम लिहितेय. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा आला नोव्हेंबर २०१२ मध्ये. आता पोलिसांकडची नोंद बघा, देशात मुलांवरच्या गुन्ह्यांच्या २०२१ मध्ये १,४९,४०४ केसेस होत्या, २०२२ मध्ये १,६२,४४९. यात अपहरणापासून सगळं येतं, आणि वाढीतला किती भाग खरी वाढ आणि किती लोक पुढे येऊन तक्रार करतायत म्हणून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून आकड्याला घाबरण्यापेक्षा आपल्या पोराकडे बघा.

आणि तुम्ही बघितलंयत की! सुटलेलं अंथरुण परत ओलं होणं, ठराविक जागी जायच्या वेळीच पोट दुखणं, हे मोबाईलचं नाही वाटत मला. लगेच वाईटच झालंय असंही नाही, क्लासमधली मोठी मुलं मारत असतील, कुणी सगळ्यांसमोर अपमान केला असेल, घरातली भांडणं असतील, किंवा लघवीचं इन्फेक्शनसुद्धा, ते आधी डॉक्टरांकडे तपासून घ्या. पण पोरगं सांगू शकत नाही तेव्हा ते असंच वागून सांगतं, आणि त्यावर मार मिळाला की सांगायचं उरलेलं दारही बंद होतं. रट्टे आजपासून बंद करा, सासूबाईंनाही सांगा, आणि मारल्याबद्दल त्याला सॉरी म्हणा, खरंच म्हणा.

विचारताना समोर बसवून उलटतपासणी नको. भाजी निवडताना, झोपवताना सहज "क्लासला काय आवडत नाही रे तुला?" एवढंच. नावं सुचवू नका, "अमक्याने काही केलं का" असं तर नकोच. बोलला तर त्याच्यावर विश्वास ठेवा, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" म्हणा, परत परत वदवून घेऊ नका. कुणी हात लावल्याचं सांगितलं तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालू असतो, किंवा थेट पोलीस. कायद्याने मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलीस तेव्हा युनिफॉर्ममध्ये नसतात, आणि त्याचं नाव छापायला बंदी आहे, त्यामुळे बदनामीच्या भीतीने गप्प बसू नका, माहीत असून लपवणं हाच गुन्हा आहे.

तोपर्यंत क्लास बंद. फी बुडाली तर बुडू दे.