भांडण असलं तरी बरोबर घेऊन जा

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘हात जोडतो, पण आत काही हलत नाही,’ असं लिहिलंयस. देवाशी काही देणंघेणंच नसतं, तर ही खंत तुला लागलीच नसती.

हिंजवडीत राहतोस, देहू काही लांब नाही. एखाद्या साध्या दिवशी पहाटे उठून भंडारा डोंगर चढ. माघ शुद्ध दशमीला मात्र नको, तेव्हा यात्रा असते. गाडीरस्ता आहे, तरी पायीच जा. आणि मन शांत झाल्यावर जाईन, असं म्हणत बसू नकोस. तुकोबा तरी कुठे शांत होते? 1630 च्या दुष्काळात घरची माणसं गेली, धंदा बुडाला. असा होरपळलेला माणूस भामचंद्राच्या नि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला. झाडांना सोयरे म्हणणारा तो हाच.

माझी आई गेली तेव्हा मी देवावर फार चिडलो होतो. दहावा झाला आणि गावच्या देवराईत जाऊन बसलो. आमच्या राईतल्या देवाला छप्पर चालत नाही. शेवाळलेला दगड, त्यावर शेंदराचा पुसट ठिपका. तिथली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. नुकताच पाऊस येऊन गेला होता. समोर जांभळाच्या पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. फुगायचा, थरथरायचा, पण पडेना. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. तो पडला, मागून दुसरा भरायला लागला. किती वेळ गेला कळलं नाही. राग गेला नव्हता. पण इतके दिवस मी भिंतीशी बोलत होतो, त्या दिवशी समोर ऐकणारं कुणी आहे असं वाटलं. आजही मला यापेक्षा नीट सांगता येत नाही.

म्हणून सांगतो, जागा एकच धर आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. फोन घरी ठेव. पहिला अर्धा तास ऑफिसच डोक्यात घुमेल, घुमू दे. कंटाळा येईल, तेव्हा उठू नकोस. पुष्कळ जण तिथूनच परततात. नाम घ्यावंसं वाटलं तर घे, मोजू नकोस. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. मला तर उघड्या डोळ्यांनीच जास्त मिळालं.

आणि जिजाईला विसरू नकोस. ती विठोबाला मनसोक्त शिव्या द्यायची, तरी नवऱ्यासाठी भाकरी घेऊन रोज हा डोंगर चढायची. वाटेत पायात काटा रुतला, तो विठोबानं स्वतः काढला, असं वारकरी सांगतात. वर ध्यानाला बसलेल्या तुकोबांपेक्षा मला ही गोष्ट जास्त जवळची वाटते. तुझ्यासाठी घरात पहाटे डबा कोण करतं, तेही चढताना आठव.

उतरलास की चार ओळी लिही. अनुभव वगैरे राहू दे. कुठल्या झाडाखाली बसलास आणि काय काय दिसलं, एवढंच कळव.

तुझे,
गुरुजी