श्चेर्ब्येत्स म्हणजे दातेरी तलवार?

प्रश्न असा आहे: पोलंडच्या राजांच्या राज्याभिषेकातल्या 'श्चेर्ब्येत्स' तलवारीला एका लेखात 'दातेरी तलवार' म्हटले आहे, ते बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. 'दातेरी' म्हटले की करवत डोळ्यांपुढे येते. पोलिशमधला मूळ शब्द 'श्चेर्बा'. धारेचा टवका उडून पडते ती खाच म्हणजे श्चेर्बा. पुढचा दात पडल्यावर राहते ती फटसुद्धा श्चेर्बाच. बंदुकीचा नेम धरायच्या मागच्या खाचेचे नाव 'श्चेर्बिंका' हे याच घरातले. तेव्हा मराठीत 'खाचेची तलवार' म्हणावे. दाते मोजत बसू नये.

आता गंमत पाहा. क्राकूफ शहराच्या वावेल किल्ल्यातल्या या तलवारीची धार चांगली सरळ आहे, खाच कुठेच नाही. आख्यायिका सांगते की 1018 मध्ये पोलंडचा शासक बोलेस्वाफ ख्रोब्री याने कीव्ह घेतले तेव्हा तिथल्या सुवर्णद्वारावर घाव घातला आणि पाते खाचले. पण ते द्वार बांधले गेले 1037च्या सुमारास, आणि हाती असलेली तलवार घडणीवरून बाराव्या शतकाच्या अखेरची किंवा तेराव्या शतकातली. म्हणजे घाव घालायला तलवार नाही आणि घाव झेलायला दारही नाही! बखरीतल्या तलवारीचे नाव पुढे या तलवारीला चिकटले, एवढेच. मुठीजवळ पात्याला एक लांबट भोक मात्र आहे, त्यात पोलंडच्या गरुडाची छोटी ढाल बसवली आहे. काही जण त्यालाच 'खाच' समजतात, पण ते मुद्दाम पाडलेले आहे. 1320 मध्ये क्राकूफला वोक्येतेकचा राज्याभिषेक झाला, त्यात ही तलवार प्रथम वापरली असे मानतात. (वोक्येतेक हे टोपणनाव. 'वोक्येच' म्हणजे कोपर, आणि राजा होता बुटका.)

त्याच लेखात राजाच्या हाती 'सफरचंद' आहे. पोलिशमध्ये 'याब्वको' म्हणजे सफरचंद खरेच, पण इथे तो क्रूस लावलेला राजगोल, म्हणजे राजसत्तेचे चिन्ह असलेला गोळा.

1795 मध्ये प्रशियाच्या सैन्याने वावेलचा खजिना लुटला आणि 1809 मध्ये मुकुट सोन्यासाठी वितळवले. तलवार तेवढी हस्ते परहस्ते रशियात गेली, 1884 मध्ये हर्मिटाज संग्रहालयात पोचली आणि 1928 मध्ये पोलंडला परत मिळाली. 1939च्या युद्धात ती कॅनडाला हलवली होती, तिथून 1959 मध्ये वावेलला आली.