मेंदूला मार लागल्यावर सहा महिन्यांनी सुधारणा थांबते का?

नाही. समजा, नागपूरच्या वर्धा रोडवर तुमचा भाऊ गाडीवरून पडला, डोक्याला मार लागला, सहा महिने झाले, आता नातेवाईक म्हणतात "जेवढं आहे तेवढंच". सुरुवातीला वेग जास्त असतो, एवढंच त्यात खरं. अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात अशा रुग्णांचा १, २ आणि ५ वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी पाठपुरावा होतो. काही जण कित्येक वर्षांनीही सुधारतात. काही घसरतातही, हे कुणी सांगत नाही. म्हणून न्यूरोच्या, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडच्या, तपासण्या सोडू नका. चालणं-बोलणं बरेचदा आधी येतं, विसरभोळेपणा, थकवा, चिडचिड मागे रेंगाळते. म्हणून सरावासाठी भावाला यादीची चिठ्ठी देऊन कोपऱ्यावरच्या किराण्यातून चार वस्तू आणायला लावा, सोबत कुणीतरी असू द्या. मे महिन्यात मात्र सकाळीच. नागपूरच्या दुपारी धडधाकट माणूसही गळतो.