ससाणा, शिक्रा आणि बहिरी

प्रश्न : ‘ससाणा’, ‘शिक्रा’, ‘बाज’ आणि ‘श्येन’ हे शब्द एकाच पक्ष्याचे आहेत का? ‘बहिरी ससाणा’ खरोखरच बहिरा असतो का?

उत्तर : ‘बहिरी’चा कानांशी काहीही संबंध नाही, समुद्र या अर्थाच्या ‘बहर’ या अरबी शब्दावरून हे विशेषण फारसीतून आपल्याकडे आले, आणि ते ऐकू न येण्याशी जोडले जाऊन या देखण्या पक्ष्यावर अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते. हा पक्षी शिकारीवर सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. ‘बाज’ हाही फारसी शब्द, तर ‘श्येन’ संस्कृत. अमरकोशात श्येनाला ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, असेही म्हटले आहे आणि आपला ‘ससाणा’ त्याच शब्दाशी जोडला जातो.

बोलताना हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी येत असले, तरी पक्षिनिरीक्षकाने ससाणा आणि शिक्रा वेगळे ठेवावेत. ससाण्याचे पंख लांब व टोकदार, डोळे काळेभोर आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक खाचदार उंचवटा असतो. भक्ष्याची मान मोडायला तो उपयोगी पडतो. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब, छातीवर तांबूस आडव्या रेघा आणि पांढऱ्या गळ्याच्या मधोमध एक करडी उभी रेघ असते. जनुकीय अभ्यासानुसार ससाणे शिक्र्यापेक्षा पोपटांना अधिक जवळचे आहेत.