ट्रेलर घेऊन पहिल्या लांबच्या प्रवासाला निघताना

नकाशावरचं अंतर पाहून दिवस ठरवू नका. एकट्या गाडीला सहा तास लागतात तिथे ट्रेलरसकट, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या राहण्या-झोपण्याच्या घरासकट, आठ धरा, आणि मुलं बरोबर असतील तर त्याहून जास्त. मुक्कामी उजेड असतानाच पोहोचा. अनोळखी जागी, अंधारात, दमलेल्या अवस्थेत ट्रेलर मागे घेणं नवख्यासाठी फार कठीण असतं.

खरी काळजी घ्यायची ती वजनाची. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार ट्रेलर जिथे जोडतात त्या गाडीच्या हुकावर यायला हवा. तो कमी पडला, म्हणजे जड सामान मागे गेलं, की वेगात ट्रेलर डोलायला लागतो. म्हणून जड वस्तू खाली, चाकांच्या आसपास किंवा किंचित पुढे ठेवा. पाण्याची टाकीही हिशेबात धरा. 100 लिटर म्हणजे 100 किलो! सगळं भरून झाल्यावर वजनकाट्यावर नेऊन खात्री करा, हे मी आग्रहाने सांगतो. तरीही डोलायला लागलाच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा. ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायची सोय असेल तर तो हळूच लावा.

प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना त्यांची हवा तपासा. चाकं नुकतीच काढून बसवली असतील, तर पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

आणि या लांबच्या प्रवासाआधी एक रात्र घराजवळच ट्रेलरमध्ये काढा. पाणी, गॅस, वीज, झोपायची व्यवस्था, काय कमी पडतंय ते तिथेच कळेल.