करवंटीची गुहा माशांना चालेल का?

प्रश्न: माझ्या दोन फुटी टँकमध्ये क्रिबेन्सिसची जोडी आहे. नर मादीला सारखा हुसकावतो, ती बिचारी दिवसभर फिल्टरमागे दडून बसते. लपायला घरच्या घरी काही करता येईल का? करवंटीने पाणी खराब होतं म्हणतात, खरंय का?
– एक वाचक ताई, सांगली

उत्तर: ताई, घरीच करा, आणि एक नाही निदान दोन गुहा करा, कारण एकच असली की नर ती बळकावतो आणि मादी परत फिल्टरमागेच जाते. क्रिबेन्सिस हा पश्चिम आफ्रिकेतल्या नदी-ओढ्यांतला मासा, गुहेत, बहुतेक वेळा छतालाच अंडी चिकटवतो, त्यामुळे डोक्यावर छप्पर त्याला लागतंच.

करवंटी मस्त चालते, फक्त खोबरं पार खरवडून काढा, पाणी खराब होतं ते राहिलेलं खोबरं सडल्यामुळे. वरच्या शेंड्याही काढा. मग उकळा, पाणी ओतून द्या, परत उकळा, आधी अगदी चहासारखं पाणी सुटेल, ते फिकं होईपर्यंत करत राहा. नंतर टँकमध्ये जरा पिवळसर झाक आली तरी घाबरू नका, माशांना त्याचा त्रास नाही. आता दार. कानशीने कडेला अर्धगोल घासा आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. नर मादीपेक्षा मोठा असतो ना, मग एका करवंटीचं दार मादीच्याच मापाचं ठेवा म्हणजे तो आत घुसू शकत नाही, दुसरीचं दोघं जातील एवढं, कारण अंडी घालायची तर त्यालाही आत जावं लागतं. दोन्ही गुहा टँकच्या दोन टोकांना आणि दारं एकमेकांकडे नकोत.

मातीची बिनरंगाची छोटी कुंडी आडवी करून अर्धी वाळूत पुरली तरी काम होतं, पण तळाच्या भोकात मासा अडकू शकतो, ते बुजवा. दगड रचणार असाल तर आधी काचेवर नीट टेकवा आणि मग वाळू भरा, हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कोसळतो. संगमरवर नको, त्याने पाण्याचा हार्डनेस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, वाढतो. दगडावर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले तर तो बाजूला ठेवा.

मादीचं पोट गडद गुलाबी झालं आणि ती आतच बसायला लागली की करवंटी उचलून बघू नका, बिथरली तर अंडी खाऊन टाकते. आणि एवढं करूनही पंख फाटेपर्यंत मारामारी चालूच राहिली तर थोडे दिवस दोघांच्या मधे जाळी लावा.